हात दाखवला, गाडी थांबली... आता पुढे?

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. शिरपूरपुढे पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश, नवापूर ओलांडले की गुजरात. त्यामुळे खान्देशातल्या गाडीवाल्याला नाकाबंदी काही नवी नाही. तरी आमच्याकडे येणारी पत्रे दर वेळी त्याच त्या घोटाळ्यांची असतात. त्यातली काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

रात्री अकराच्या सुमारास महामार्गावर बॅटरी हलवून गाडी थांबवतात. तेव्हा कागद घेऊन साहेबांकडे जावे की गाडीतच बसावे? (एक वाचक, पारोळा)

गाडीतच बसा. पण त्याआधीचे अर्धे मिनिट जास्त महत्त्वाचे असते.

बॅटरी दिसली की पहिली नजर आरशात. तुम्हाला थांबायचा इशारा मिळाला आहे, मागच्या ट्रकवाल्याला नाही. डावा इंडिकेटर द्या, वेग हळूहळू उतरवा आणि पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, साईडपट्टीवर गाडी पूर्ण घ्या. अर्धी गाडी डांबरावर आणि अर्धी मुरमावर ठेवू नका. पोलिसाच्या पुढ्यात येऊन कचकन ब्रेक मारला तर तो दचकून मागे सरतो आणि बोलणे चढ्या सुरातच सुरू होते.

गाडी थांबली की न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. हेडलाइट बंद करा, पार्किंग लाइट चालू ठेवा, आतला दिवा लावा. तुमच्या बाजूची काच पूर्ण खाली घ्या, गाणी बंद करा आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर राहू द्या. अंधारात टॉर्च घेऊन येणाऱ्या माणसाला आत किती जण आहेत, कोणाच्या हातात काय आहे, हे दिसत नाही. त्यात कोणी सीटखाली वाकून काही शोधत असेल तर त्याला शंका येणारच. कागद समोरच्या कप्प्यात असतील तर आधी ‘कप्प्यात आहेत, काढतो’ म्हणा आणि मग हात घाला.

उतरायला सांगितले तर उतरा, मात्र जपून. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. गाडी डाव्या कडेला उभी असली की त्याचे दार थेट वाहत्या रस्त्यावर उघडते. आरसा पाहा, दार थोडे उघडा, मान वळवून मागे पाहा आणि मगच पाय टाका. उतरल्यावर गाडीच्या पुढून डावीकडे जा. मागून गेलात तर डिकी आणि मागून येणारी गाडी यांच्यामध्ये सापडण्याची भीती असते.

दुचाकीवाल्यांनी चावी बंद करावी, साईड स्टँड लावावा, हेल्मेटची काच वर करावी आणि कानातली बोंडे काढावीत. हेल्मेट तेवढे डोक्यावरच असू द्या, तेच तर बघायचे असते.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे पुढे नाकाबंदी दिसली म्हणून गाडी वळवून उलट्या दिशेने निघणे. हेल्मेट नसल्याचा दंड भरून मोकळे होता येते. विरुद्ध दिशेने गाडी हाकणे मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहनचालनात, नाव घेऊन घातले आहे.

बोलण्याची सुरुवात ‘नमस्कार साहेब, काय झालं?’ एवढी पुरे. शिपाई आपल्याकडचाच असेल आणि तुम्ही ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणालात तरी कोणाला राग येत नाही. ‘भाऊ’ चालतो, ‘ए भाऊ’ चालत नाही.

शिपायाला गाडी थांबवायचा अधिकारच नाही, फक्त फौजदाराला आहे, असा मेसेज ग्रुपवर फिरतो. खरे काय? आणि चावी काढून घेतली तर? (अमळनेर, चाळीसगाव येथील वाचक)

मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचे एकच पान वाचलेले दिसते. कलम १३२ मध्ये गणवेशातल्या उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने सांगितल्यास थांबावे, असे आहे हे खरे. पण कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियंत्रणावर असलेल्या कोणत्याही पोलिसाचा इशारा पाळावाच लागतो. कलम १३० प्रमाणे गणवेशातला कोणताही पोलीस लायसन्स मागू शकतो, आणि त्यात हुद्द्याची अट नाही. हे डावलून वाद घातला तर कलम १७९ लागते. आदेश न मानणे, अडथळा आणणे किंवा माहिती द्यायला नकार देणे यासाठी त्यात २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे पाचशेच्या चुकीवर दोन हजारांची भर घातली ती त्या मेसेजनेच.

चावीचे म्हणाल तर ती हिसकावून घ्या असे कोणतेही कलम सांगत नाही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे आणि त्याची कारणे ठरलेली आहेत: लायसन्स नसताना, नोंदणी नसताना किंवा परमिट नसताना गाडी चालवणे, वगैरे. जुने ई-चलान थकले आहे, हे कारण त्या कलमात नाही. तरीही चावीसाठी झटापट करू नका. ‘साहेब, गाडी जप्त करताय का? तसं असेल तर पावती द्या’ असे शांतपणे विचारा. बहुतेक वेळा चावी तिथेच परत मिळते.

लायसन्स ताब्यात घेतले तरी हेच. ते घेणाऱ्याने तात्पुरती पोच दिली पाहिजे, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचवर गाडी चालवता येते (कलम २०६). पोच न घेता निघालात तर पुढच्या चौफुलीवर तुमच्याकडे ना लायसन्स, ना पोच.

लायसन्सचा फोटो मोबाइलमध्ये आहे, तरी चलान केले. मोबाइलमधले कागद चालतात असे सरकारच म्हणते ना? (चोपडा)

चालतात, पण फोटो चालत नाही. गॅलरीतला फोटो म्हणजे झेरॉक्सच. सरकारने मूळ कागदाच्या बरोबरीने धरले आहे ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये सरकारी नोंदीतून उतरलेले लायसन्स आणि आरसी. केंद्राने राज्यांना तसे २०१८ मध्ये कळवले आणि त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्येही ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ हे शब्द घातले.

डिजिलॉकरमध्येही दोन कप्पे असतात, आणि चूक नेमकी इथेच होते. ‘इश्यूड’ कप्प्यातला कागद खात्याच्या नोंदीतून येतो, तो ग्राह्य. ‘अपलोड’ कप्प्यात तुम्ही स्वतः चढवलेला स्कॅन असतो, त्याला ती किंमत नाही. आजच उघडून पाहा. अनेकांचे लायसन्स दुसऱ्या कप्प्यात पडलेले असते. लायसन्सवर नाव एक आणि आधारवर दुसरे (वडिलांचे नाव गाळलेले, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक) असले की नोंद उतरत नाही. ती दुरुस्ती आरटीओकडून करून घ्यावी लागते, नाक्यावर होत नाही.

यावल-पालकडच्या किंवा तोरणमाळच्या डोंगरात रेंज जाते. निघण्यापूर्वी कागद फोनमध्ये उतरवून ठेवा आणि जुनी आरसी व पीयूसी गाडीत असू द्या. फोन दाखवताना तो स्वतःच्या हातात धरूनच दाखवा. तपासणाऱ्याला फक्त क्यूआर आणि नंबर हवा असतो.

आमचा माणूस लगेच ‘भाऊंना’ फोन लावतो आणि फोन साहेबांच्या हातात देतो. याने काम होते का? (जामनेर)

कधी होते. न झाले तर मात्र समज देऊन सोडणारा अधिकारीही चार माणसांदेखत मागे हटू शकत नाही आणि पूर्ण चलान करतो. चूक किरकोळ असेल तर ‘चुकलं साहेब’ हे दोन शब्द फोनपेक्षा जास्त वेळा कामी येतात.

गाडी जळगावात घरासमोर उभी होती आणि चलान आले दुसऱ्या जिल्ह्यातले, विना हेल्मेटचे. भरून टाकावे का? (जळगाव, भुसावळ, साक्री येथून सारखी पत्रे)

भरू नका. भरणे म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोड करणे. नंतर ‘ती गाडी माझी नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही.

आधी चलान खरे आहे का ते पाहा. ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती उघडू नका. ती फोनमधले ओटीपी चोरते आणि बँक खाते रिकामे करते. सरकारी यंत्रणा चलान कधीही एपीके फाइलने पाठवत नाही आणि खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. फाइल चुकून उघडली गेली असेल तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार द्या.

मग महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपमध्ये गाडी नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलानासोबतचा फोटो उघडून मोठा करा. बघायचे ते असे: नंबर प्लेटवरचे प्रत्येक अक्षर (३ आणि ८, बी आणि डी, एमएच १८ आणि एमएच १९ यांची अदलाबदल सर्वाधिक), गाडीचे मॉडेल, रंग, आणि तारीख-वेळ-ठिकाण. नंबर वाचताना चूक झाली असेल तर फोटोतली गाडी वेगळी दिसतेच. तुमची शाईन आणि फोटोत स्कूटर, अशी.

तिथेच तक्रारीचा पर्याय आहे. त्यात लांबलचक कैफियत नको. आरसीची प्रत, तुमच्या गाडीचा नंबर दिसेल असा पुढून एक आणि मागून एक फोटो, आणि दोन ओळी: ‘फोटोतील वाहन अमुक कंपनीचे, माझे वाहन तमुक. चलान रद्द करावे.’ चारचाकी असेल तर त्या दिवसाचा फास्टॅगचा उतारा जोडा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

फोटोत मॉडेल, रंग, नंबर सगळे तुमच्याच गाडीचे आणि गाडी मात्र तुमची नाही, असे असेल तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतो आहे. मग चलान रद्द करून भागत नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहील.

साक्रीच्या वाचकाची अडचण वेगळी आहे. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, चलाने मात्र अजून त्यांनाच येतात. म्हणजे गाडी नावावरून उतरलेलीच नाही. स्टँपपेपरवरचा करार पोलिसांच्या यंत्रात दिसत नाही, दिसते ती परिवहन खात्याची नोंद. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० आजही भरता येतात, पण घेणारा सापडला पाहिजे.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी, असे नियम १६७-अ सांगतो. ‘मला मेसेजच आला नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा जुना मोबाइल नंबर खात्याकडे असतो. नंबर बदलला की परिवहनच्या संकेतस्थळावर तोही बदला. खऱ्या चुकीची जुनी चलाने साचली असतील तर राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस येते. तिथे जा, प्रकरण तिथल्या तिथे मिटवता येते.

पोलिसाशी बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करावे का? (धुळे)

सार्वजनिक रस्त्यावर चित्रण करायला सरसकट बंदी नाही. प्रश्न आहे तो कसे करता याचा. फोन चेहऱ्यासमोर धरून ‘नाव सांग, बक्कल नंबर सांग’ सुरू झाले की दोन मिनिटांत धक्काबुक्की होते, आणि ती झाली की मूळ मुद्दा बाजूला पडतो. लोक ज्याला अजून ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतात ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झाले आहे. कामावरच्या लोकसेवकाला रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. रेकॉर्ड करायचेच असेल तर शेजारी बसलेल्याने छातीच्या उंचीवर फोन धरून, न बोलता करावे. चालकाने फक्त बोलावे. नाव छातीवरच्या पाटीवर असते, ते वाचा आणि लक्षात ठेवा.

केळी आणि कापसाच्या गाड्या भरतो. ड्रायव्हरला काय सांगून पाठवावे? (रावेर येथील व्यापारी)

दोन्ही मालांचे दुखणे वेगळे आहे. केळीत वजन चुकते. पाऊस पडून गेल्यावर भरलेला घड, दांडे, खाली-वर घातलेला पाला, कॅरेट हे सगळे काट्यावर येते, आणि अंदाज मात्र नुसत्या मालाचा घेतलेला असतो. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तीन टन जास्त असेल तर २६,०००. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च तुमचा, आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. मे महिन्याच्या उन्हात केळीची गाडी चार तास उभी राहिली तर दंडापेक्षा माल जास्त नुकसान करतो. म्हणून निघतानाच वजनकाटा करा, चिठ्ठी ड्रायव्हरच्या कागदांत ठेवा आणि ती आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा.

कापसात वजन बरोबर असते आणि रुंदी चुकते. फाळक्यांच्या वर सुटा कापूस दाबत नेला की दोन्ही बाजूंनी पोट सुटते आणि गाडी रस्त्याची दीड बाजू व्यापते. बाजूने बाहेर आलेल्या मालालाही २०,००० रुपये आहेत. काट्याची चिठ्ठी इथे उपयोगाची नाही. भरून झाल्यावर गाडीच्या मागे दहा पावले जाऊन उभे राहा. दोन्ही फाळक्यांची कड दिसली नाही तर माल कमी करा.

ड्रायव्हरला एक नक्की सांगा: वजन करायला नकार द्यायचा नाही, आणि काट्याआधी माल उतरवायचा नाही. त्याला ४०,००० आहेत. वजन झाले की चिठ्ठी मागून घे, वेळ बघ, मालकाला फोन कर. कोऱ्या कागदावर सही करू नको.

नंदुरबारहून सुरतेला लग्नाला जाताना पाहुण्यांसाठी एखादी बाटली नेली तर? (नंदुरबार)

नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याशिवाय सीलबंद एक बाटलीही गुन्हा होतो आणि तिच्यासोबत गाडीही अडकते. ‘महाराष्ट्रात घेतली, बिल आहे’ हे नवापूरपर्यंत ठीक. डिकीत मागच्या सहलीची राहिलेली अर्धी बाटली हेच नेहमीचे कारण असते. निघण्याआधी डिकी रिकामी करून पाहा.

तोंडात नळी घालायला नकार देता येतो का? एक ग्लास बिअर चालते का? (भुसावळ)

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ती किती ग्लासांत गाठली जाते हे वजन, पोटातले अन्न आणि गेलेला वेळ यावर ठरते, म्हणून हिशेब करत बसू नका. नवी नळी लावा म्हणून सांगता येते, सांगाच. नकार दिला आणि संशय असेल तर विनावॉरंट अटक करता येते, आणि तो नकार पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध जातो. अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. इथे रस्त्यावर दंड भरून सुटका नाही, प्रकरण कोर्टातच जाते. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, क्लासला स्कूटर नेतो. पकडला तर काय होते? (शिरपूर)

त्याचे कमी, तुमचे जास्त. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तीही लायसन्स काढून. तुमची स्कूटर ११० ची असणार. कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सायकल द्या.

पावती न देता पैसे मागितले तर? (साक्री, तळोदा)

‘चलान करा साहेब’ एवढेच म्हणा. चलान यंत्रावर निघते, गाडी नंबरवर नोंदले जाते आणि मेसेज येतो. क्यूआरवर पैसे भरणार असाल तर बटण दाबण्याआधी समोर आलेले नाव वाचा. खासगी माणसाचे नाव दिसले तर थांबा. खिशात रोख नाही, हे चलान न करण्याचे कारण नाही. ते नंतरही भरता येते.

लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे अनेकांना माहीत नसते. २०१८ च्या दुरुस्तीनुसार जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवल्यास संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

गणवेश नाही, सरकारी गाडी नाही आणि ‘आम्ही पोलीस, पुढे लूटमार झाली, दागिने काढून रुमालात बांधा’ असे कोणी म्हणाले तर ते पोलीस नव्हेत. काच वर, दारे लॉक, आणि ११२.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो. काचांना फिल्म लावली तर दंड होतो. मग करायचे काय? (भुसावळ)

गाऱ्हाणे खरे आहे, पण नाक्यावर त्याचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर फिल्म चिकटवण्याला मनाई केली, आणि दंडासोबत ती तिथेच सोलायलाही लावतात. कंपनीतूनच रंगीत आलेली काच चालते, मात्र पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. जाळीचे पडदे उभ्या गाडीला लावा, गाडी सुरू करण्याआधी काढून मागच्या सीटवर टाका.